व्यसनमुक्तीचे उपचार: स्वेच्छेने की न्यायालयामार्फत?

मुलगा एमडी (मेफेड्रोन) किंवा ब्राउन शुगर (हेरॉइनचाच एक प्रकार) घेतो हे समजल्यावर, उपचाराला नेले तर पोलीस केस होईल, या भीतीने अनेक घरांत महिने वाया जातात. उपचार मागणे हा गुन्हा नाही, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. म्हणून सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून सुरुवात करावी, किंवा आधी १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोलावे. काय, किती आणि शेवटचे कधी घेतले, हे डॉक्टरांना खरे सांगावे. दारू किंवा झोपेच्या गोळ्या घरीच एकदम बंद करू नयेत. झटके येऊन जिवावर बेतू शकते.

गुन्हा आधीच दाखल झाला असेल, तर अमली पदार्थविरोधी कायद्याची (एनडीपीएस, १९८५) दोन कलमे वकिलांकडून नीट समजून घ्यावीत. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी शासनमान्य संस्थेत स्वतःहून उपचार घेत असेल, तर कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. अल्प प्रमाण म्हणजे हेरॉइन ५ ग्रॅम, एमडी २ ग्रॅम, गांजा १ किलोपर्यंत. दोषी ठरल्यानंतर कलम ३९ खाली न्यायालय शिक्षेऐवजी उपचारांसाठी बंधपत्रावर (लेखी हमीवर) सोडू शकते, पण त्यालाही आरोपीची संमती लागते, आणि जास्तीत जास्त एका वर्षाच्या आत उपचारांचा अहवाल सादर करावा लागतो. म्हणजे न्यायालयाची वाटही रुग्णाच्या होकारातूनच जाते, आणि तो होकार अटकेआधी मिळवणे केव्हाही बरे, असे माझे ठाम मत आहे. अटकेत असलेल्यास वकील परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते.

रुग्ण काही केल्या तयार नसेल आणि स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, तर २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ नुसार त्याच्या नामनिर्दिष्ट प्रतिनिधीने (त्याने स्वतः नेमलेली व्यक्ती, तशी नसल्यास सहसा जवळचा नातेवाईक) अर्ज केल्यावर आणि मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्र तपासणी केल्यावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. रात्री गाडी पाठवून मुलाला उचलून नेणाऱ्या केंद्राच्या हाती त्याला कृपया देऊ नका. नोंदणी प्रमाणपत्र दाखवत नसतील, डॉक्टर कोण हे सांगत नसतील किंवा भेटू देत नसतील, तर तिथून निघावे.

केसपेपर, तपासण्या आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवाव्यात. पुढच्या तारखेला वकील त्याच मागतील.