वेगळं बघायचं, पण मत आपलं ठेवायचं

चाकोरीबाहेरचं काही बघायचं, ऐकायचं, वाचायचं असेल, तर सुरुवात सिनेमापासून करा. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे किंवा फिल्म क्लबात काही लागलं की आधी परीक्षण वाचू नका. कथानकसुद्धा नको. मागच्या रांगेत बसा, म्हणजे कंटाळलात तर गुपचूप उठता येतं. संथ सिनेमाला मी अर्धा तास देते. तेवढ्यात एखाद्या माणसाबद्दल कुतूहल वाटलं नाही, तर बाहेर चहा बरा!

बाहेर पडल्यावर लगेच ‘भारी’ किंवा ‘बकवास’ म्हणायचं नाही. तिकिटाच्या मागे एकच गोष्ट लिहायची: कुठला प्रसंग, कुठला आवाज लक्षात राहिला. ‘म्हातारी दहा मिनिटं पावटे सोलते, मागे पंखा कुरकुरतो’, असं. सुचलंच नाही, तर सिनेमा कितीही पुरस्कारवाला असो, माझ्यापुरता संपला.

गाणी हेडफोन लावून, एकट्याने. पहिल्यांदा शब्द सोडून फक्त ठेका ऐका. पुस्तकाचं मधलंच पान उघडून वाचा. भाषा तिथे टिकली तर घ्या. साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या, म्हणजे १९६० नंतर लेखकांनी स्वतःच काढलेल्या छोट्या, चाकोरीबाहेरच्या अंकांच्या वाटेचं लेखन जुन्या वाचनालयांत शोधा.

विनोदाचं सोपं आहे. हसू आलं की आलं. फक्त शेजारचा हसला म्हणून हसू नका, पुण्यात ही सवय फार. आणि चर्चेत कुणी ‘तुम्हाला कळलं नाही’ म्हणालं, तर ‘मग समजावून सांगा की’ म्हणायचं. बहुतेक जण तिथेच विषय बदलतात.