ड्रायव्हरमधला मेमरी लीक काढताना या चुका टाळा

मेमरी लीक म्हणजे घेतलेली मेमरी परत न सोडणं. डेव्हएम (मेमरी आपोआप सोडणारी कर्नलची फंक्शन्स) लावलं की मेमरीची काळजी मिटली, हा समज आधी डोक्यातून काढा. लिनक्समध्ये डेव्हएम_केझॅलॉकने घेतलेली मेमरी सुटते ती ड्रायव्हर डिव्हाइसपासून अनबाइंड (वेगळा) झाल्यावर. प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडताना चालणारं फंक्शन) हे बरोबर आहे, पण नवीन मंडळी तेच उचलून ओपनमध्ये (डिव्हाइसची फाइल उघडताना चालणारं फंक्शन) टाकतात आणि मग फाइल कितीही वेळा बंद करा, बफर तिथेच.

यात माझे तीन दिवस गेलेत. मेमइन्फोमधला एसअनरिक्लेम (कर्नलला सहज परत न घेता येणाऱ्या स्लॅब मेमरीचा आकडा) चढतोय आणि केमेमलीक (कर्नलचं लीक शोधणारं टूल) गप्प. गप्पच राहणार, कारण ज्या ब्लॉकचा पॉइंटर कुठेच सापडत नाही तेवढेच तो दाखवतो आणि इथे प्रत्येक बफर डिव्हाइसच्या डेव्हरेस यादीत (डेव्हएमने घेतलेल्या गोष्टींची नोंद) व्यवस्थित अडकवलेला. शेवटी फाइल 10,000 वेळा उघडून बंद करणारा लूप चालवला, आधीचं नंतरचं स्लॅबइन्फो (कर्नलच्या मेमरी कप्प्यांची यादी) शेजारी ठेवलं. बफर 4096 बाइटचा म्हणून मी केमॅलॉक-4के (4 केबीचा कप्पा) बघत बसलो, ती ओळ हलेना. वाढली होती केमॅलॉक-8के, कारण डेव्हरेसचं हेडर जोडलं की 4के मध्ये मावत नाही. एका लूपमध्ये जवळपास 80 एमबी! ओपनमध्ये साधा केझॅलॉक (मेमरी घेणं), रिलीजमध्ये (फाइल बंद होताना) केफ्री (मेमरी सोडणं), एवढंच करायचं होतं. राग याचा की आधीच्या माणसाने रोज रात्री मॉड्यूल काढून परत घालायची स्क्रिप्ट लावली होती, त्यात मेमरी सुटायची आणि लीक झाकला जायचा. असले शॉर्टकट मारू नका, खरंच सांगतोय.

केमेमलीकचा ट्रेस मेमरी कुठे घेतली ते सांगतो, कुठे सोडायची राहिली ते नाही. घाईत लोक त्याच फंक्शनमध्ये केफ्री टाकतात आणि लीकच्या जागी यूज-आफ्टर-फ्री (सोडलेली मेमरी परत वापरणं) घेऊन बसतात. मी आधी केमेमलीकची जुनी यादी क्लिअर करतो, टेस्ट चालवतो, मग दोनदा स्कॅन, पहिल्या स्कॅनवर विश्वास नाही ठेवत.

प्रोबमध्ये मधेच काही फसलं की सरळ रिटर्न करू नका, गोटू लेबलं लावून तोवर घेतलेलं सगळं उलट्या क्रमाने सोडत या. मी तर प्रत्येक पायरी एकेकदा मुद्दाम फेल करून बघतो, कंटाळवाणं आहे पण दुसऱ्या कशाने माझं समाधान होत नाही.

केरीअॅलॉकचं (ब्लॉकचा आकार बदलणारं फंक्शन) उत्तर त्याच पॉइंटरमध्ये घेऊ नका, नल आलं की जुन्या ब्लॉकचा पत्ता गेला आणि तो लीक झाला.

डिव्हाइस ट्रीच्या (हार्डवेअरचं वर्णन) चाइल्ड नोडवर फिरणाऱ्या साध्या लूपमधून ब्रेक केलात तर ऑफ_नोड_पुट (नोडवरचा संदर्भ सोडणं) तुम्हालाच करायचंय.

डिव्हाइस_रजिस्टर फेल झालं तर पुट_डिव्हाइस (डिव्हाइसवरचा संदर्भ सोडणं) करा, थेट केफ्री नाही, नाहीतर डिव्हाइसचं नाव मेमरीत तसंच राहतं.