माळ्यावरचा फोटो ते लिलावाची बोली: सोलापुरात राहून जुन्या क्रीडावस्तूंचा उद्योग

पैलवानांचे फोटो, कुस्तीच्या मैदानांची हँडबिलं, क्रिकेट सामन्यांच्या कार्यक्रमपत्रिका, व्यायामाची जुनी पुस्तकं, शिकारीची छापील चित्रं. अशा गोष्टी शोधायच्या, त्यांची शहानिशा करायची आणि लिलावात विकायच्या, हा माझा पोटाचा उद्योग आहे. या कामात येऊ पाहणारी मुलं मला पहिल्यांदा विचारतात, "यासाठी मुंबईत राहायला नको का?" गिऱ्हाईक मुंबईत असेल, लंडनमध्येही असेल. माल मात्र आपल्याकडच्या माळ्यांवर आणि ट्रंकांमध्ये आहे.

सोलापुरात तो का आहे, हे आधी समजून घ्या. 1877 साली इथे पहिली कापड गिरणी निघाली, तिलाच आपण जुनी मिल म्हणतो. तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या आणि मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या कामगारांच्या वस्त्या वसल्या. वस्ती आली की तालीम आली, तालीम आली की वस्ताद, हौदा आणि फेटा बांधून काढलेले फोटो आले. पुढे गिरण्या बंद पडल्या. आता घरं पाडून इमारती उभ्या राहत आहेत, मुलं पुण्याला नाहीतर हैदराबादला आहेत आणि ट्रंका रद्दीवाल्याच्या काट्यावर चढत आहेत. त्या काट्याच्या आधी आपण पोचायचं असतं. म्हणून रद्दीवाल्यांशी, भंगारवाल्यांशी आणि घरं रिकामी करून देणाऱ्यांशी ओळख ठेवा. "मालक, फोटो, पत्रकं, बाईंड केलेली वह्या-पुस्तकं निघाली तर फाडायच्या आधी फोन करा," एवढं सांगून ठेवायचं आणि आलेल्या फोनला त्याच दिवशी जायचं. भाव पाडून मागू नका. ज्याच्याकडून एकदा नीट भावाने घेतलं तो पुढच्या वेळी तुम्हालाच बोलावतो.

आता या धंद्याच्या गाभ्याकडे येतो. वस्तू हातात येणं हे निम्मंच काम. ती कुणाची, कुठली, कधीची आणि कुणाच्या हातून कुणाकडे आली, हा माग सोबत नसेल तर लिलावात तिची किंमत कोसळते. या मागालाच धंद्यात प्रोव्हेनन्स म्हणतात. भवानी पेठेतल्या एका घरात मला भिंतीवर एक फोटो दिसला होता. खांद्यावर गदा घेतलेला पैलवान, शेजारी चौघे, मागे रंगवलेला पडदा. मी घरातल्या आजींना विचारलं, "आजी, हे आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतलं मैदान का?" त्या म्हणाल्या, "नाही रे बाबा, पंढरपूरचं. आमच्या मामंजींना फेटा तिथंच बांधला. कडेचा तो त्यांचा वस्ताद, आणि हा बसलेला ना, हा मिलमधला जॉबर, कामगारांवरचा मुकादम. त्यानंच खुराकाला पैसे दिले." त्यांनी पाचही जणांची नावं सांगितली. ती मी तिथेच लिहून घेतली, फोटोमागचा स्टुडिओचा शिक्का टिपला आणि आजींची सही घेतली. बिननावाचा गटफोटो असता तर तो जुन्या फोटोंच्या गठ्ठ्यात गेला असता. नावांमुळे त्याला स्वतंत्र लॉट नंबर मिळाला, म्हणजे लिलावात तो एकटा बोलीला आला. त्याहून मोलाचं म्हणजे गिरणीतला जॉबर पैलवानाचा खुराक चालवायचा, ही गोष्ट कागदावर राहिली.

म्हणून पहिली सवय वहीची लावून घ्या. वस्तू, मोजमाप, कुठे मिळाली, कुणी दिली, देणाऱ्याचं नातं, त्याने सांगितलेली हकिगत त्याच्याच शब्दांत, आणि दिलेले पैसे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहा. "आजोबा सांगायचे की ही गदा महाराजांनी दिली" असं कुणी म्हणालं तर वहीत "आजोबा सांगायचे" हे शब्दही आले पाहिजेत. कॅटलॉगमध्ये ते गाळून टाकण्याचा मोह होतो. ज्याने गाळले त्याच्या शब्दावर पुढे कुणी बोली लावत नाही.

मालकीचा प्रश्नही इथेच येतो. तालमीतली ढाल किंवा गदा एखाद्या माजी पैलवानाच्या घरी असली तरी ती त्याची असेलच असं नाही. विश्वस्तांना विचारल्याशिवाय हात लावू नका. पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का असेल आणि शेजारी ते रद्द केल्याची नोंद नसेल, तर आधी वाचनालयात जाऊन विचारा.

खरं-खोटं ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. त्यासाठी दहा पट मोठं दाखवणारं भिंग विकत घ्या. उदाहरण म्हणून क्रिकेटपटू रणजितसिंहजींचं प्रसिद्ध व्यंगचित्र घेऊ. 'व्हॅनिटी फेअर' या लंडनच्या साप्ताहिकात ते 26 ऑगस्ट 1897 रोजी आलं, चित्रकार 'स्पाय' या टोपणनावाचा. मूळ छपाई क्रोमोलिथोग्राफ, म्हणजे दगडावरून एकेक रंग चढवलेली. भिंगाखाली तिच्यात रंगाचे वेडेवाकडे, दाणेदार ठिपके दिसतात. नंतरच्या ऑफसेट प्रतींत ठिपके शिस्तीने, ओळीत किंवा छोट्या फुलांसारखे मांडलेले असतात. जुन्या चौकटीत घातलं म्हणून चित्र जुनं होत नाही. चौकट उघडून कागदाची कड आणि पाठ बघा.

फोटोंसाठी साधा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च ठेवा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चकाकीची रसायनं 1950 च्या सुमारास आणि त्यानंतर रुळली. 1930 चा म्हणून दाखवलेला फोटो त्या प्रकाशात निळसर उजळला, तर तो नंतर काढलेला प्रिंट आहे. सह्यांचंही तसंच. बॉलपेन बाजारात आलं ते 1940 च्या दशकात. भारताने पहिली कसोटी जून 1932 मध्ये लॉर्ड्सवर खेळली. त्या संघाच्या फोटोवर 'तेव्हाच केलेल्या' सह्या बॉलपेनच्या असतील तर पुढे बोलायलाच नको. शाईच्या वाटणाऱ्या सह्याही भिंगाखाली छापील निघतात. खऱ्या सहीत रेघा एकमेकींना ओलांडतात तिथे शाई दाट झालेली दिसते.

आणि इतिहास वाचा, कारण तारीख नसलेल्या कागदाची तारीख त्यातूनच निघते. मुंबईचे क्रिकेटचे चौरंगी सामने, म्हणजे युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम या चार संघांचे, 1912 पासून चालले. 1937 मध्ये 'द रेस्ट' हा पाचवा संघ आला आणि ते पंचरंगी झाले, 1946 मध्ये बंद पडले. साल नसलेल्या कार्यक्रमपत्रिकेत 'द रेस्ट'चं नाव दिसलं, की ती या दहा वर्षांतली. मग खेळाडूंच्या यादीवरून नेमकं वर्ष काढता येतं. महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या आणि जेवणाच्या सुट्टीत समोरच्या संघाने सामना सोडून दिला, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्या सामन्याचा मळका कागद हातात आल्यावर थांबावंसं वाटेल. पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले. भारताचं पहिलं कसोटी द्विशतक त्यांचं, 1955 मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223. त्यांच्या सह्यांचे आणि फोटोंचे कागद आपल्या शहरात कुणीतरी नेमाने जमवायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

पुस्तकांत बहुतेक नवखे 'विस्डेन'मागे धावतात. हा क्रिकेटचा वार्षिक ग्रंथ 1864 पासून निघतो, आणि डब्ल्यू. जी. ग्रेस व व्हिक्टर ट्रम्पर यांचे मृत्युलेख असलेला 1916 चा अंक संग्राहकांना फार हवा असतो. पण सुरुवातीच्या अंकांची हुबेहूब पुनर्मुद्रणं बाजारात आहेत, आणि चांगले मूळ अंक आपल्या आवाक्याबाहेरचे. माझा सल्ला, मराठीकडे वळा. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेला 'व्यायामज्ञानकोश' 1936 ते 1949 या काळात दहा खंडांत निघाला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, देशी खेळ, सगळं त्यात आहे. सुटे खंड अजून नजरेस पडतात. घेताना चित्रपानं पूर्ण आहेत का ते एकेक पान उलटून बघा, कारण चित्रं काढून वेगळी विकण्याची वाईट सवय या धंद्यात आहे. खो-खो, हुतूतूच्या जुन्या नियमपुस्तिका, शारीरिक शिक्षण परिषदांचे अहवाल, संदीप पाटलांच्या संपादनाखाली निघालेल्या 'एकच षटकार' या क्रीडा नियतकालिकाचे अंक, यांना आज फारशी बोली नाही. म्हणूनच आज जमवायचे.

जपणुकीचं थोडक्यात. सोलापूरचा उन्हाळा कागद कडक करतो आणि पावसाळ्यात कसर लागते. पत्र्याखालच्या माळ्यावर काही ठेवू नका. चिकटपट्टी, लॅमिनेशन, पीव्हीसीची पाकिटं वर्ज्य. फोटोमागे लिहायचंच तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. पदकं, गदा घासून चकचकीत करू नका आणि जुन्या बॅटला नव्याने तेल चोळू नका. वापराच्या त्या जुन्या खुणांसाठीच घेणारा पैसे मोजतो.

कायद्याचं मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथे चुकलात तर दंडावर भागत नाही. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा 1972 चा आहे. शंभर वर्षांवरच्या कलावस्तू, आणि ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाची पंचाहत्तर वर्षांवरची हस्तलिखितं व दस्तऐवज त्याखाली येतात. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, काही प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि त्या खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी गिऱ्हाइकाने कितीही भाव देऊ केला तरी आधी वस्तूचं वय ठरवा. दुसरा वन्यजीव संरक्षण कायदा, तोही 1972 चाच. आपल्याकडे माळरान, त्यामुळे जुन्या वाड्यांत काळविटाची शिंगं हमखास दिसतात, कधी बिबट्याचं कातडंही. लोक ते शिकारीच्या चित्रांबरोबर एकत्र विकायला काढतात. त्याला हात लावायचा नाही, फोटो काढून कुणाला भाव विचारायचा नाही. घरच्यांना वन विभागाकडे जायला सांगा. 'ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स'सारख्या 1807 च्या ग्रंथातली शिकारीची चित्रं हा वेगळा आणि सुंदर विषय आहे, पण त्यांनाही वयाचा नियम लागू होतोच. बंदूक, तलवार निघाली तर शस्त्र कायदा आहे.

आता लिलाव. आपल्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव ज्याने पाहिला आहे त्याला अर्धं आधीच कळलेलं असतं. ढीग समोर, बोली उघड, हात वर राहिला त्याचा माल. फरक असा की कांद्याचा भाव आवक ठरवते, इथे भाव दोन माणसं ठरवतात. एकाला कितीही हवं असलं तरी दुसरा चढाओढ करणारा नसेल तर वस्तू पायाभूत किमतीलाच जाते. म्हणून वस्तू कुठल्या विक्रीत घालायची हे फार महत्त्वाचं. कुस्तीचा फोटो नाण्यांच्या लिलावात घातला तर तिथे त्याचा दुसरा गिऱ्हाईक नसतो.

पैशांचा हिशेब असा धरा. हातोडा 20,000 ला पडला, म्हणजे शेवटची बोली 20,000 रुपयांची लागली. लिलावगृहाचा खरेदीदाराकडचा अधिभार 20 टक्के असेल तर 4,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 720. घेणाऱ्याला 24,720 पडले, पाठवणीचा खर्च वेगळा. विकणाऱ्याकडचं कमिशन 10 टक्के असेल तर तुमच्या हातात 18,000, त्यातून फोटो काढणं, विमा, वाहतूक जाते. हे दर घरागणिक बदलतात, करारात वाचून घ्या. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकायची नाही ती, किती, वस्तू गेली नाही तर परत आणण्याचा खर्च कुणाचा आणि पैसे किती दिवसांत, हे तीन प्रश्न सही करण्याआधी विचारा. राखीव किंमत फुगवू नका. न गेलेला लॉट बाजाराच्या लक्षात राहतो आणि पुढच्या वेळी त्याला कमीच बोली येते.

वर्णन लिहिताना दोष आधी सांगा. कोपरा फाटलेला, पाठीवर डिंकाचे डाग, एक नाव पुसट. घेणाऱ्याला घरी जाऊन काही नवं सापडता कामा नये.

एका गोष्टीचा निर्णय मात्र तुमचा तुम्हीच करायचा. सगळं लिलावात जावं का? खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. 2017 मध्ये त्यांच्या कुटुंबाने कुस्ती अकादमीसाठी पैसा उभा राहावा म्हणून ते लिलावात काढायची तयारी जाहीर केली, तेव्हा मी फार अस्वस्थ झालो होतो. अशा वस्तू संग्रहालयात, सगळ्यांना पाहता येतील अशा असाव्यात, हे माझं ठाम मत आहे. तालमींची नोंदवही, वस्तादांची हस्तलिखितं माझ्याकडे आली तर मी आधी प्रत्येक पान स्कॅन करतो, एक प्रत त्या तालमीला देतो आणि मूळ वही एखादं वाचनालय किंवा संस्था घेईल का ते विचारतो. त्यात मिळकत कमी होते. तरी तेच करतो.

सुरुवातीला या कामावर घर चालत नाही. नोकरी किंवा दुकान सांभाळून करा. पहिलं वर्षभर विकूच नका, घ्या, बघा, नोंदी करा. लिलावगृहांचे जुने कॅटलॉग आणि निकाल इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रत्येक लॉटची आधी स्वतः किंमत लावायची आणि मग निकालाशी ताडायची. कानडी किंवा तेलुगू वाचता येत असेल तर तुम्ही माझ्या पुढे आहात, कारण आपल्याकडच्या कितीतरी ट्रंकांतली पत्रं त्या लिप्यांत आहेत आणि ती वाचून घ्यायला मला शेजाऱ्यांकडे जावं लागतं.