सांगलीहून तीन दिवसांत चांदोलीचं जंगल आणि मालवणचं बेट, कसं जमवायचं

आपल्या जिल्ह्यात जतला टँकर येतो आणि शिराळ्याच्या पश्चिमेला चार महिने पाऊस हटत नाही, जिल्हा एकच बरं का, पण सह्याद्री पाणी आधी स्वतःच्या अंगावर घेतो आणि पूर्वेला उरलंसुरलं पाठवतो. त्यामुळं दाट हिरवं जंगल बघायला केरळलाच जायला पाहिजे असं काही नाही, चांदोली आपल्या दाराशी आहे. आणि दोन दिवस अजून हातात असतील तर तसंच पुढं मालवणला जाऊन समुद्रातलं बेटही बघून होतं.

पहिली गोष्ट, तारीख. पावसाळ्यात जंगल पर्यटनाला बंद असतं, सिंधुदुर्गच्या होड्याही बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा, आणि निघायच्या आधी वन खात्याच्या ऑफिसात फोन करून गेट कधी उघडतं, सुट्टीचा वार कुठला, गाडी आत सोडतात का, हे सगळं विचारून घ्या.

चांदोलीत सकाळी गेट उघडायच्या वेळेलाच हजर राहा, उशिरा गेलात की ऊन चढतं आणि जनावरं आत सावलीला जातात. वाघ दिसलाच पाहिजे असं डोक्यात घेऊन जाऊ नका. चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, पण हे जंगल इतकं गच्च आहे की जनावर वीस फुटांवर उभं असलं तरी कळत नाही. वर बघत चला. शेकरू, आपला राज्यप्राणी, झाडाच्या शेंड्यावर असतो, आधी त्याचा आवाज येतो, मग ती झुपकेदार शेपटी दिसते, तेव्हा जागेवर थांबायचं आणि बोलणं बंद. मध्येच मोकळी गवताळ जागा लागते, गवे चरायला येतात ती. ती पूर्वी उठवलेल्या गावांची शेतं आहेत. लोकांनी घरदार सोडलं तेव्हा ही जागा गव्यांना मिळाली, म्हणून तिथं स्पीकर लावणं, वेफर्सची पाकिटं टाकणं मला अजिबात सहन होत नाही. भाकरी, शेंगाची चटणी, कांदा डब्यातनं न्या, जेवढं आत नेलं तेवढं बाहेर आणा. फिकट, मातकट रंगाचे कपडे घाला, सेंट नको.

रात्री कोल्हापूरला मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरून कणकवली आणि मग मालवण. हा रस्ता मुद्दाम घ्या, दाजीपूरही गव्यांचंच जंगल आहे, आणि घाट उतरता उतरता हवा कशी दमट होत जाते ते कळतं. घाई करू नका.

तिसरा दिवस बेटाचा. सिंधुदुर्ग कुरटे बेटावर आहे, महाराजांनी १६६४ ला काम सुरू केलं, १६६७ ला पुरं झालं. सकाळची पहिलीच होडी धरा. आम्ही एकदा दुपारी पोचलो, वारं सुटलेलं, होड्या थांबवलेल्या, पोरं काठावरनं किल्ला बघून हिरमुसली. मालवणात एका कोळीदादांनी भरतीचा साधा हिशोब सांगितला, तिथी पाऊणपट करायची, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या, तासभर मागंपुढं होतं, पण अंदाज येतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर ते दिवस टाळाच. लाइफ जॅकेट मागून घ्या, दिलं नाही तर चढू नका. होडीवाला परत न्यायची वेळ सांगतो, ती मोबाईलमध्ये अलार्म लावून ठेवा.

आत गेल्यावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी नक्की बघा, चारी बाजूंनी खारं पाणी आणि या विहिरींना गोडं. मी तिथं वाकून बघत बसले की उठावंसं वाटत नाही.

पुढं स्नॉर्कलिंग करणार असाल तर पोवळ्यांवर पाय ठेवू नका, हात लावू नका, तो दगड नाही, जिवंत असतं ते. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिंपले गोळा करून पिशवीत भरू नका, पोरांना तिथंच वाळूत खेळू द्या आणि मग तिथंच ठेवायला सांगा. परतीला अंधार पडायच्या आत घाट चढायचा असेल तर जेवण उरकून दुपारी दोनपर्यंत मालवण सोडा.