सेलानिया ओळखताना या चुका टाळा

मॉसवर निळसर-पांढरी लव दिसली की नवशिक्याचा हात थेट ब्रशकडे जातो. बुरशी लागली म्हणे! सेलानिया ग्लॉसेसेन्स या मॉसची अशी धुलाई इतक्यांदा पाहिली आहे की नमुना हातात आला की मी आधी विचारतो, "साफ तर केला नाही ना?" अहो, तो निळेपणा हीच तर ओळख. पानांवर मेणचट पदार्थाचे अगदी बारीक तंतू असतात आणि ते मॉस स्वतःच तयार करतं. रसायनशास्त्रात हा पदार्थ डायटर्पीन नावाच्या संयुगांच्या गटात मोडतो. पूर्वी जाणकारांनाही हे बुरशीचे धागे वाटत; नवशिक्याला तेवढी सूट द्यायला हरकत नाही.

स्पिरिटला मात्र सूट नाही. एका हौशी संग्राहकाने स्कॉटलंडच्या डोंगरातला पुंजका घासून, स्पिरिटने पुसून आणला. मेण गेलं, उरलं साधं हिरवं मॉस, आणि पाकिटावर ठणकावून दुसऱ्याच मॉसचं नाव लिहिलेलं, 'डिस्टिकियम'. डिस्टिकियमची पानं समोरासमोर दोनच ओळींत बसतात. इथे ती खोडाच्या सगळ्या बाजूंनी निघालेली. नाव खोडलं. पुढे काय? सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पान सुटं करत बसलो, तेव्हा कुठे तळाच्या पानांच्या बगलेत पांढऱ्या तंतूंचा गुंता सापडला. कोरडा नमुना दहापटीच्या भिंगाने पाहिला असता तर मिनिटाचं काम होतं. माझी सवय सांगतो: आधी कोरडं पाहायचं, फोटो काढायचा, मग एकच काडी पाण्याच्या थेंबात. बाकीच्याला हात लावायचा नाही.

निळसर दिसलं म्हणजे सेलानिया असंही नाही. दुसरी दोन मॉसं फसवतात. पोहलिया क्रूडाची चमक धातूसारखी, तंतू नाहीत. बार्ट्रामिया इथिफिलाच्या पानाचा तळ पांढरा, चकचकीत आणि बीजाणुकोष (बीजाणूंची डबी) गोल, सेलानियाचा उभट.

आम्लधर्मी खडकावर शोधत फिरू नका. याला चुनायुक्त खडकाच्या कपारीतली माती लागते.

प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, खरीखुरी बुरशी तिथेच येते. कागदी पाकीट वापरा.

आणि अख्खा पुंजका उपटू नका. ब्रिटनमध्ये हे मॉस स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात मोजक्याच ठिकाणी उरलं आहे. ओळख पटवायला दोन-चार काड्या पुरतात, त्याही परवानगी असेल तरच. फोटोवर भागत असेल तर त्याही नकोत.