जुन्या गाडीतून विक्रमी वेग काढायचाय? मन्रोची स्काउट पाहून होणाऱ्या या चुका टाळा

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचं शहर आहे. तिथल्या एका हार्डवेअरच्या दुकानात 1920 सालची ‘इंडियन स्काउट’ ही मोटारसायकल ठेवलेली आहे. कारखान्यातून निघाली तेव्हा ती ताशी 89 किलोमीटर पळायची. तिथल्याच बर्ट मन्रो या गाडीवेड्याने ती आपल्या शेडमध्ये चाळीस वर्षं पुन्हा पुन्हा खोलली आणि जोडली. 1967 साली अमेरिकेत, युटा राज्यातल्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, तिने 1000 सीसी गटातला वेगाचा विक्रम केला. तेव्हा गाडी 47 वर्षांची होती आणि मन्रो 68 वर्षांचा.

शेडमध्ये जुनी बुलेट किंवा येझदी उभी असलेल्या कुणाचेही हात हे वाचून शिवशिवतात. माझेही शिवशिवले, आणि मी काही गोष्टी बिघडवून शिकलो. तुम्ही त्या वाचूनच शिकाव्यात असं मला मनापासून वाटतं.

आधी नावाचा घोटाळा मिटवू. ही गाडी ‘इंडियन स्काउट’ आहे म्हणून तिचा भारताशी संबंध असेल असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. ‘इंडियन’ ही अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्सची कंपनी. स्काउट हे तिचं 600 सीसीचं व्ही-ट्विन (दोन सिलिंडर V आकारात असलेलं) मॉडेल, आणि ते चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने रेखलं होतं.

जुगाड समजण्याची चूक

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघतात. मन्रोने पिस्टन घरी ओतले, साच्यासाठी जुने पत्र्याचे डबे वापरले. सिलिंडर बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) गॅसपाइपातून कातले. पिस्टनला क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून हाताने कोरून काढले. मायक्रोमीटर या बारीक मोजमापाच्या साधनाऐवजी चाकाची जुनी तार वापरली. हे ऐकलं की आपण टाळी देतो आणि म्हणतो, ‘म्हणजे कशानेही चालतं!’

तसं नाही. ॲक्सल निवडला कारण ट्रॅक्टरच्या ॲक्सलचं पोलाद पीळ आणि झटके सोसण्यासाठीच बनवलेलं असतं. बीड निवडलं कारण पिस्टनच्या रिंगांना त्यावर घासत राहणं मानवतं. साहित्य भंगारातलं होतं, पण निवड भंगार नव्हती.

मी कोल्हापूरच्या फाउंड्री पट्ट्यात वाढलो, त्यामुळे ओतकाम आपल्याला येतं अशी माझी समजूत होती. बुलेटसाठी पहिला पिस्टन मी ॲल्युमिनियमची जुनी भांडी वितळवून ओतला. दिसायला देखणा झाला. वीस मिनिटांत सिलिंडरमध्ये चिकटला. भांड्यांचं ॲल्युमिनियम मऊ असतं आणि तापलं की फार फुगतं. पिस्टनच्या मिश्रधातूत सिलिकॉन बऱ्यापैकी असतं, साधारण 12 टक्के, त्यामुळे फुगवटा आवरतो आणि झीज कमी होते. घरी ओतायचंच असेल तर बाद झालेले पिस्टनच वितळवा. आणि मिळत असेल तर तयार घडीव पिस्टन घ्या, त्यात कमीपणा नाही. मन्रोने स्वतः ओतले कारण त्याला हवे तसे पिस्टन बाजारात विकत मिळत नव्हते.

दुसरी चूक पिस्टन आणि सिलिंडरमधल्या फटीची. 350 बुलेटचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 70 मिलिमीटर, आणि योगायोगाने स्काउटचा मूळ बोअरही जवळपास तेवढाच. ॲल्युमिनियम बीडाच्या साधारण दुप्पट फुगतं. पिस्टनचं डोकं 200 अंशांनी तापलं तर व्यास 0.3 मिलिमीटरने वाढतो. बीडाचा सिलिंडर 120 अंशांनी तापला तर जेमतेम 0.09. म्हणजे इंजिन थंड असताना घट्ट आणि सुबक बसलेला पिस्टन पूर्ण थ्रॉटलवर कोंडला जाणारच. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला खालच्यापेक्षा निमुळता कातावा लागतो. लेथवाल्याला नुसतं ‘सरळ कात’ सांगू नका. खुणा केलेला कागद हातात द्या आणि काम होईपर्यंत शेजारी उभे राहा.

चिकटलेला पिस्टन बाहेर काढल्यावर डाग कुठे आहेत ते नीट बघा. चारही बाजूंनी खरचटला असेल तर फट कमी पडली. फक्त पुढेमागे खरचटला असेल तर तेल पोचलं नाही किंवा मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतं. एकाच बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली डाग असतील तर रॉड वाकडा आहे, आणि नवीन पिस्टनही तसाच जाणार.

रॉडबद्दल एक गोष्ट कधीच विसरू नका. त्यावर पंच मारून नंबर टाकू नका, खोल ओरखडा राहू देऊ नका. चीर तिथूनच सुरू होते. रॉड लांबीच्या दिशेने घासून आरशासारखा करा, आडवा घासू नका.

मोडलेले भाग टाकून देणे

मन्रोच्या शेडमध्ये एक फळी होती. तिच्यावर फुटलेले पिस्टन, मोडलेले रॉड, गेलेले व्हॉल्व्ह ओळीने मांडलेले असत आणि वर लिहिलेलं होतं की हा वेगदेवतेचा नैवेद्य आहे. लोक त्या फळीचे फोटो काढतात. माझ्या मते गाडीपेक्षा तीच जास्त शिकवते. आपण मात्र मोडलेला भाग रागाने भंगारवाल्याला देतो आणि महिन्याभराने तोच भाग त्याच जागी मोडतो. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधा: तारीख, किती किलोमीटर चालला, कोणतं तेल, कार्ब्युरेटरचा कोणता जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र), मोडताना आवाज कसा आला.

प्रगती सरळ चढत जात नाही, हेही तिथेच समजतं. 1962 मध्ये 883 सीसी गटात त्याने ताशी 288 किलोमीटरचा विक्रम केला, आणि चार वर्षांनी, मोठ्या गटात, 270 वरच थांबला. पुढच्याच वर्षी 950 सीसीचं इंजिन घेऊन तो 296 वर पोचला. पात्रता फेरीत तर एका दिशेने जाताना 305 च्या वर गेला होता.

फक्त इंजिन वाढवणे

हवेचा विरोध भेदायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट करायचा तर आठपट ताकद. 89 वरून 296 म्हणजे 3.3 पट वेग, म्हणजे आकार तोच ठेवला तर जवळजवळ 36 पट ताकद लागली असती. एवढी कोणत्याही शेडमध्ये ओतून निघत नाही. म्हणून मन्रोने गाडीवर माशासारखं निमुळतं कवच चढवलं आणि स्वतः आत आडवा झाला.

पण कवचाने नवा आजार येतो, गाडी वॉबल मारायला लागते. 1967 मध्येच एका फेरीत ताशी 300 च्या पुढे असताना त्याची गाडी हेलकावू लागली. वेग कमी व्हावा म्हणून तो कवचातून उठून बसला. वाऱ्याने गॉगल उडवले, डोळ्यांपुढे काही दिसेना, आणि शेवटी त्याने गाडी आडवी घातली.

कारण समजून घ्या. हवेचा दाब जिथे केंद्रित होतो ती जागा गुरुत्वकेंद्राच्या पुढे गेली की गाडी वाऱ्याला पाठ दाखवायला बघते. बाणाला पिसं मागे लावतात ती याचसाठी. घरच्या घरी ढोबळ तपासणी करता येते. स्वार आत असताना पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळ्या वजनकाट्यांवर ठेवा, त्यावरून गुरुत्वकेंद्र काढा. मग गाडीची बाजूने दिसणारी आकृती पुठ्ठ्यावर कापा आणि सुईवर तोलून तिचा मध्य काढा. हा मध्य गुरुत्वकेंद्राच्या पुढे आला तर शेपटीकडे उभा पंख वाढवा किंवा वजन पुढे सरकवा. हँडलचे झटके शोषणारा स्टिअरिंग डॅम्पर आवळून हा दोष जात नाही, थोडा लपतो.

टायर

इथे मी हट्टी आहे. टायरच्या बाजूवर भाराच्या आकड्यानंतर एक अक्षर असतं: पी म्हणजे ताशी 150 किलोमीटर, एस 180, एच 210, व्ही 240. शेजारी चार आकड्यांचा शिक्काही असतो, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. अक्षराच्या पुढे जाऊ नका. दहा वर्षं कपाटात ठेवलेला ‘नवा’ टायर नवा नसतो. वेग दुप्पट झाला की टायरला बाहेर ओढणारं बल चौपट होतं, आणि म्हातारं रबर ते सोसत नाही.

जागा आणि हवा

बोनव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे 1,285 मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा थोडंच खाली. समुद्रकाठी लावलेला जेट तिथे मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त) करतो, प्लग काळा पडतो आणि माणूस उगाच इग्निशन खोलत बसतो. आपल्याकडे कोकणात ट्यून केलेली गाडी घाट चढून वर आली की हाच घोळ होतो. जेट बदला, पूर्ण थ्रॉटलवर पळवा, क्लच दाबून इंजिन तिथल्या तिथे बंद करा आणि मग प्लगचा रंग बघा. सावकाश परत आणून पाहिलेला प्लग सावकाश चालवल्याचाच रंग सांगतो.

मन्रो घराजवळच्या ओरेटी किनाऱ्यावर सराव करायचा. आपल्याला रस्त्यावर ते करता येत नाही आणि करूही नये. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीत असे फेरफार चालत नाहीत, आणि समोरून येणाऱ्या माणसाने तुमच्या प्रयोगाला होकार दिलेला नसतो. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. आयोजकांनी बंद केलेली, रुग्णवाहिका उभी असलेली तशी जागा मिळेपर्यंत गाडी स्टँडवरच ठेवा.

वेग स्पीडोमीटरवर वाचणे

मिठावर किंवा वाळूवर मागचं चाक जागच्या जागी थोडं घसरतच असतं. मागच्या चाकावरून किंवा इंजिनच्या फेऱ्यांवरून काढलेला वेग म्हणूनच फुगलेला निघतो. विक्रम मोजलेल्या अंतराच्या वेळेवरून ठरतो, आणि दोन फेऱ्यांच्या सरासरीवर.

त्या सरासरीतही फसायला होतं. जाताना 300 आणि येताना 200 असेल तर सरासरी 250 नाही, 240 येते, कारण सावकाश फेरीला वेळ जास्त लागतो. मन्रोचा 1967 चा आकडा कितीतरी वर्षं ताशी 183.59 मैल असाच छापला जात होता. मूळ हिशेबात चूक असल्याचं त्याच्या मुलाच्या लक्षात आलं, आणि 2014 मध्ये, मन्रोच्या मृत्यूनंतर 36 वर्षांनी, तो 184.087 मैल असा दुरुस्त झाला. वहीत दोन्ही फेऱ्यांचे सेकंद जसेच्या तसे लिहा, वेग त्यानंतर काढा.