घर बदललं तरी लँडलाईनचा नंबर तोच: खान्देशात काय जमतं, काय नाही

बिऱ्हाड हलवायचं ठरलं की गॅस, वीज मीटर, शाळेचे दाखले यांची यादी होते आणि घरचा फोन सगळ्यात शेवटी आठवतो. तोवर बऱ्याचदा चूक होऊन गेलेली असते. घरातल्या कुणीतरी जुन्या पत्त्यावरचा फोन बंद करायचा अर्ज दिलेला असतो आणि नव्या पत्त्यावर नवीन कनेक्शन मागितलेलं असतं. मग नवीन फोन नवीन नंबर घेऊनच येतो आणि जुना नंबर बीएसएनएल ऑफिसच्या मोकळ्या नंबरांत जमा होतो. तो परत मिळवायला पुढे कितीही खेटे घातले तरी हमी कुणी देत नाही. म्हणून अर्जावर 'शिफ्टिंग' हाच शब्द हवा. 'बंद करणे' किंवा 'सरेंडर' हे शब्द त्या कागदावर कुठेही येऊ देऊ नका.

एवढी काळजी घ्यायचं कारण साधं आहे. वीस-तीस वर्षं चाललेला नंबर अडतीच्या पावतीपुस्तकावर, बँकेच्या जुन्या फॉर्मवर, दवाखान्याच्या फाईलवर आणि सुरतेला गेलेल्या भावकीच्या डायरीत लिहिलेला असतो. त्या सगळ्या ठिकाणी जाऊन तो खोडता येत नाही.

आधी एसटीडी कोड बघा

मोबाईलचा नंबर कंपनी बदलूनही ठेवता येतो. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ ला सुरू झाली आणि ३ जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी नंबर तोच राहू लागला. लँडलाईनला हे लागू नाही. लँडलाईनचा नंबर एका भागाला बांधलेला असतो आणि तो भाग एसटीडी कोडवरून ओळखतात. कोड आणि नंबर मिळून, सुरुवातीचं शून्य सोडून, दहा अंक होतात. म्हणून जळगावात ०२५७ पुढे सात अंकी नंबर असतो आणि धुळ्यात ०२५६२ पुढे सहा अंकी.

आपल्याकडे हे कोड साधारण तालुक्याप्रमाणे आहेत: भुसावळ ०२५८२, अमळनेर ०२५८७, चाळीसगाव ०२५८९, चोपडा ०२५८६, शिरपूर ०२५६३, नंदुरबार ०२५६४, शहादा ०२५६५. तालुका आणि कोड नेहमी जुळतीलच असं नाही. धरणगाव तालुका वेगळा असला तरी फोनचा कोड एरंडोलचाच, ०२५८८. त्यामुळे तालुक्याच्या नावावर न जाता नव्या घराशेजारच्या कुणाच्या तरी लँडलाईनचा कोड विचारा.

कोड बदलत असेल तर नंबर राहत नाही. जळगावहून भुसावळला जाताना अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर असलं तरी ०२५७ चा नंबर ०२५८२ मध्ये नेता येत नाही. तिथे हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका. अशा वेळी काय करायचं ते पुढे दिलं आहे.

कोड तोच असेल, म्हणजे जुन्या धुळ्यातून पांझरा ओलांडून देवपूरला किंवा जळगावात गावातून पिंप्राळ्याला जायचं असेल, तर पुढचा प्रश्न एक्सचेंजचा, म्हणजे भागातल्या सगळ्या लाईन जिथे जोडलेल्या असतात त्या टेलिफोन केंद्राचा. तांब्याच्या तारेवरचा फोन ज्या एक्सचेंजला जोडलेला असतो, त्याच एक्सचेंजच्या हद्दीत नवं घर असेल तर काम सोपं. एक्सचेंजमधल्या एमडीएफवर, म्हणजे जिथे तारांच्या सगळ्या जोड्या एकत्र येतात त्या चौकटीवर, तुमच्या नंबरची जंपर तार जुन्या जोडीवरून काढून नव्या जोडीवर लावतात. नवं घर दुसऱ्या एक्सचेंजखाली येत असेल तर अडचण होऊ शकते. जुन्या पद्धतीत नंबरचे पहिले दोन-तीन अंक त्या त्या एक्सचेंजला दिलेले असायचे.

फायबरने हे पुष्कळ सोपं केलं. फायबरवरचा आवाज इंटरनेटसारखा जातो, नंबर गल्लीतल्या तांब्याला बांधलेला राहत नाही. त्यामुळे एकाच कोडमध्ये तांब्यावरून फायबरवर जाताना बहुतेक ठिकाणी जुना नंबर कायम राहतो. दुसऱ्या एक्सचेंजखाली जात असाल तर 'फायबरवर घेतो, नंबर हाच द्या' अशी मागणी करा. फक्त अर्जात जुना नंबर स्पष्ट लिहा, नाहीतर फायबरबरोबर नवाच नंबर येतो.

घराची टोकन रक्कम देण्याआधी

नव्या पत्त्यावर लाईन देता येते का, हे घर पक्कं करण्याआधीच विचारा. नुसता पत्ता सांगितलात तर 'बघून सांगतो' एवढंच उत्तर मिळेल. तीन गोष्टी घेऊन जा: पिनकोडसह पूर्ण पत्ता, शेजारच्या चालू लँडलाईनचा नंबर आणि घराजवळच्या डीपीची खूण. डीपी म्हणजे खांबावरची किंवा भिंतीवरची ती छोटी पेटी, जिथून घरात वायर येते. शेजारच्या नंबरावरून ऑफिसला एक्सचेंज, पिलर (रस्त्याकडेची तारांची मोठी पेटी) आणि डीपी लगेच सापडतात आणि डीपीत मोकळी जोडी आहे का हेही कळतं. नव्या कॉलनीत बहुधा तांब्याची जोडी शिल्लक नसते. तिथे फायबर कुठपर्यंत आलं आहे हे विचारा.

नाव आणि बिल

सर्वात जास्त अर्ज नावावर अडकतात. फोन वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर, ते हयात नाहीत आणि बिल मात्र मुलगा भरतोय, असं अनेक घरांत असतं. शिफ्टिंगचा अर्ज ज्याच्या नावावर फोन त्यानेच करायचा असतो. म्हणून आधी नाव बदलून घ्या: मृत्यूचा दाखला, वारसांचं नाहरकत पत्र, तुमचं आधार, पॅन आणि फोटो. भाऊ-बहिणी बाहेरगावी असतील तर सह्यांना वेळ लागतो. खान्देशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे घरी येतात. त्या आठवड्यात सह्या घेऊन ठेवल्या तर पुढचा महिनाभराचा पत्रव्यवहार वाचतो.

थकबाकी शून्य करा. बारा-पंधरा रुपये बाकी राहिले तरी संगणक ऑर्डर पुढे जाऊ देत नाही. बिल भरल्यावर पावतीची छापील प्रत घ्या.

अर्ज

अर्ज दोन प्रतींत करा. त्यात एसटीडी कोडसह नंबर, बिलावरचा खाते क्रमांक, जुना पत्ता, नवा पत्ता, संपर्काचा मोबाईल आणि हे वाक्य लिहा: 'सदर दूरध्वनी क्रमांक कायम ठेवून नवीन पत्त्यावर स्थलांतर करावे.' नव्या पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार, खरेदीखत किंवा वीजबिल यांपैकी एक जोडा. भाडेकरूंनी घरमालकाकडून वायर ओढायला परवानगी असल्याची चार ओळींची चिठ्ठी आधीच घ्यावी. लाईनमन शिडी लावतो आणि मालक 'भिंतीला भोक पाडायचं नाही' म्हणतो, हे इतक्या वेळा होतं की ती चिठ्ठी कागदांत असायलाच हवी.

तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि ऑर्डर क्रमांक घ्या. पुढची प्रत्येक चौकशी त्या क्रमांकावरच होते. बीएसएनएलचा ग्राहकसेवा क्रमांक १८००-४४४४ आहे. काही पैसे मागितले तर पावतीवरच द्या.

सामान हलवायच्या दोन-तीन आठवडे आधी अर्ज द्या. पावसाळ्यात आणखी आधी. जून-जुलैत पिलरमध्ये पाणी शिरतं, जोड भिजतात आणि लाईनमन आधी बंद पडलेल्या फोनांच्या मागे असतो. मे महिन्यात मात्र सकाळी दहाच्या आत वेळ ठरवा. दुपारच्या उन्हात लोखंडी शिडीवर कुणाला चढायला लावू नये.

लाईन येते त्या दिवशी

वायर कुठून आत येणार ते तुम्ही आधी ठरवा. घराचं काम चालू असेल तर गच्चीपासून बैठकीपर्यंत २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप टाकून त्यात ओढायची तार सोडून ठेवा. फोनची वायर विजेच्या वायरिंगच्या पाईपातून नेऊ नका. फोनमध्ये घरघर येण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

तांब्याच्या लाईनला भिंतीवर रोझेट बसवतात, दोन स्क्रूंची ती छोटी डबी. जुन्या घरची रोझेट काढून नव्या घरी लावायचा मोह टाळा. आतल्या स्क्रूवर हिरवा कळंक चढलेला असतो आणि पुढे खरखर तिथूनच सुरू होते. नवी रोझेट स्वस्त मिळते. तारेचं टोक सेंटीमीटरभर सोलून, चकचकीत करून मगच स्क्रूखाली घ्या.

डायल टोन आला नाही तर मल्टिमीटर डीसीवर ठेवून रोझेटवर मोजा. रिसीव्हर ठेवलेला असताना ४८ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. उचलल्यावर ते दहाच्या खाली येतं. शून्य दिसलं तर तार मध्येच तुटलेली किंवा चिकटलेली आहे, म्हणजे काम बाहेरचं. ४८ आहेत पण टोन नाही, तर तार बरोबर आहे आणि एक्सचेंजमध्ये नंबर चालू करायचा राहिला आहे. तक्रार करताना हा फरक सांगितलात तर नेमका माणूस येतो. फोन वाजत असताना उघड्या तारांना हात लावू नका. रिंगचा दाब ७० व्होल्टच्या वर जातो आणि झटका बसतो.

फायबर असेल तर वायर काटकोनात दाबू नका, दारफटीतून चिरडू नका, तिच्यावर खिळा ठोकू नका. ओएनटीवर, म्हणजे फायबर जिला जोडतात त्या घरातल्या पेटीवर, 'LOS' असं लिहिलेला लाल दिवा लागला तर फायबरमधून प्रकाशच पोहोचत नाही. तंत्रज्ञाला प्रकाशाची पॉवर मोजायला सांगा, ती डीबीएम या एककात दिसते. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेलं की लाईन सारखी तुटते. फोनची वायर ओएनटीच्या 'फोन' किंवा 'टेल' लिहिलेल्या छोट्या खाचेत जाते. तिथे टोन नसेल आणि इंटरनेट चालू असेल तर नंबर पेटीवर घालायचा राहिला आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. तांब्याच्या फोनला वीज एक्सचेंजमधून यायची, त्यामुळे घरची लाईट गेली तरी तो चालायचा. फायबरचा फोन लाईट गेली की बंद. घरात म्हातारी माणसं असतील तर ओएनटी इन्व्हर्टरवर घ्या किंवा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून मगच तो विकत घ्या.

नंबर खरंच तोच आहे का

नव्या घरातून स्वतःच्या मोबाईलवर फोन लावा. मोबाईलला फिरवताना आधी शून्य लागतं, हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे. मोबाईलवर दिसणारा नंबर अंकन् अंक ताडून बघा. डीपीत जोड्या उलटसुलट लागल्या तर टोन येतो, बोलणं होतं, पण नंबर शेजाऱ्याचा दिसतो आणि बिलही त्याच्यावर जातं. मग मोबाईलवरून लँडलाईनला फोन करा, एकदा बाहेरच्या जिल्ह्यातूनही करायला सांगा. हे सगळं जमल्याशिवाय जुन्या घराची किल्ली देऊ नका. काही राहिलं असेल तर लाईनमनला जुन्या जागी जावं लागतं.

पुढची दोन बिलं नीट वाचा. नवा पत्ता आला का आणि भाडं दोन ठिकाणचं लागलं नाही ना, एवढं बघा.

घर तयार नसेल, किंवा कोड बदलत असेल

जुनं घर सोडलं आणि नवं अजून बांधतोय, अशा वेळी फोन बंद करू नका. 'सेफ कस्टडी'चा अर्ज द्या. लाईन शांत राहते, नंबर तुमच्या नावावर राहतो. मुदत आणि त्या काळातलं भाडं लेखी घ्या आणि मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर टाका. वेळेत मुदतवाढ मागितली नाही तर नंबर जाण्याची भीती असते.

कोड बदलत असेल तर दोन वाटा आहेत. जुन्या गावात भाऊ किंवा दुकान असेल तर नंबर त्याच कोडमध्ये तिथे शिफ्ट करा आणि कॉल फॉरवर्डिंग लावून मोबाईलवर घ्या. पुढे पाठवलेल्या प्रत्येक कॉलचा खर्च तुमच्या बिलावर येतो, म्हणून अमर्याद बोलण्याचा प्लॅन बघा. फॉरवर्डिंगचा कोड एक्सचेंजप्रमाणे वेगळा असतो, तो तुमच्या ऑफिसातूनच घ्या. असं कुणी नसेल तर नंबर सोडताना नव्या नंबरची घोषणा ऐकवायची सोय मागा. काही महिने तरी जुन्या नंबरवर फोन करणाऱ्याला नवा नंबर कळतो.

अनेक व्यापाऱ्यांनी लँडलाईनवरच व्हॉट्सॲप बिझनेस उघडलं आहे. नंबर सोडणार असाल तर सोडण्याआधीच ते नव्या नंबरवर न्या. नंबर पुढे दुसऱ्याला मिळाला की व्हॉइस कॉलवरून तो माणूस त्या नंबरावर खातं उघडू शकतो. नंबर ठेवणार असाल तरी दोन टप्प्यांची पडताळणी लावून सहा आकडी पिन लिहून ठेवा.

बीएसएनएलचा नंबर खासगी कंपनीच्या फायबरवर नेता येत नाही, खासगी कंपनीचा बीएसएनएलवर येत नाही. खासगी लाईन शिफ्ट करतानाही शहर तेच आहे का आणि नंबर तोच राहील का, हे फोनवर नको, मेसेजवर लेखी घ्या.

नव्या पावतीपुस्तकांवर नंबर छापताना एसटीडी कोडसह पूर्ण छापा. लँडलाईनवरून लँडलाईनला लावतानाही शून्य आणि कोड फिरवावा, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केली आहे. असलेले नंबर त्याने बदलत नाहीत.

अर्जाला महिना झाला आणि हालचाल नाही, तर आधी ऑर्डर क्रमांकासह लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. त्यावरही काही झालं नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. शेवटी दूरसंचार विभागाचा १०६३ हा तक्रार क्रमांक आणि केंद्र सरकारचं सीपीग्राम्स हे तक्रारींचं पोर्टल आहे. तिथे शिक्का मारलेल्या अर्जाचा फोटो जोडा.